बटलराचा सायब

मी मास्तरकीतून निवृत्त झालो तेव्हा सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला हे सांगणं कठीण आहे. मुलांना झाला असणार, सहकाऱ्यांनाही थोडाफार झाला असावा. दुःख मात्र एकाच माणसाला झालं, माझ्या बायकोला. इतकी वर्षं सकाळी जेवून घराबाहेर पडणारा आणि दिवेलागणीला परतणारा नवरा आता दिवसभर पडवीत बसून राहणार, या गोष्टीची तिनं तयारीच केली नव्हती. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. शाळा सुटली, पण शिकवायची खोड काही सुटली नाही. नारळ पाडणाऱ्याला कोयता कसा धरावा ते सांग, मासेवालीला तिच्याच टोपलीतला सरंगा शिळा कसा ओळखावा ते समजाव, आमटीत कोकमाची सोलं आधी पडायला हवीत की नंतर यावर बायकोला दोन शब्द ऐकव, असं माझं दिवसभर चाले. बायको बोलत काही नव्हती. ती फक्त भांडी जरा जोरात ठेवू लागली होती.

आमच्या कुंपणापलीकडच्या घरात एक बटलर राहत असे. मालवणच्या बाजूला असे बटलर तेव्हा पुष्कळ. मुंबईला साहेबाच्या बंगल्यात जन्मभर स्वैपाक करायचा, नाना तऱ्हेची पुडिंगं करायला शिकायचं, आणि सुट्टीत गावी आल्यावर नुसती पेज मागायची, ही त्यांची रीत. आमच्या बटलरानं लग्न केलं नव्हतं. तरुणपणापासून तो एकाच साहेबाकडे होता. स्वराज्य आल्यावर साहेबानं चारसहा वर्षं कळ काढली, आणि मग एक दिवस गाशा गुंडाळून तो विलायतेला निघून गेला. जाताना त्यानं बटलराला आपला एक जुना कोट दिला आणि कुत्रा दिला. कोट कायमचा दिला, कुत्रा सांभाळायला दिला. तिकडे बस्तान बसलं की बोलावून घेतो, असा त्याचा शब्द होता. तो शब्द बोटीवरच कुठेतरी राहिला असावा, कारण पुढे साहेबाकडून काहीच आलं नाही. बटलर कुत्र्याला घेऊन आगबोटीनं गावी परतला.

कुत्र्याला भारदस्त इंग्रजी नाव होतं. ते वाडीत कुणाच्याच तोंडात बसेना, म्हणून सगळे त्याला सायब म्हणू लागले. दिसायला मोठा मजेशीर होता. अंग दोन कुत्र्यांचं, पाय अर्ध्या कुत्र्याचे, कान गालांवर लोंबणारे, आणि चेहरा नुकताच बदलीचा हुकूम आलेल्या मामलेदारासारखा. गळ्यात लाल चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याला अडकवायची लांब वादी. त्याला प्रथम पाहिलं तेव्हा वाडीतली कुत्री भुंकायचीच विसरली. हे जनावर आपल्यातलं की मुंगसातलं, हे त्यांचं काही ठरेना.

या सायबाची एक अडचण होती. साहेबाच्या बंगल्यात त्याला शिस्त लावलेली होती, की आवारात घाण करायची नाही. कुणी वादी लावून बाहेर नेलं की तिथे काय ते उरकायचं. आता आमच्या वाडीत आवार कुठे संपतं आणि बाहेर कुठे सुरू होतं हे माणसांनासुद्धा सांगता आलं नसतं. एकाचं अंगण दुसऱ्याच्या परड्यात घुसलेलं, दुसऱ्याचं परडं तिसऱ्याच्या वाटेवर. सायबानं आपल्यापुरता असा निकाल लावला होता की वाडी संपेपर्यंत सगळा बंगलाच. त्यामुळे माडांच्या बनातून पार किनाऱ्याच्या वाळूपर्यंत नेल्याशिवाय तो पाय वर करत नसे. बाकीची कुत्री आपापली फिरत, आपापलं बघत. याला मात्र माणूस लागे.

पहिली दोन वर्षं बटलर त्याला नेत असे. मग बटलराचा दमा बळावला. फाटकापर्यंत येतायेताच त्याची छाती भात्यासारखी चाले आणि तो फाटकाला धरून उभा राही. सायब त्याच्या पायाशी बसून बारीक आवाजात विव्हळत राही. सायबाचं चुकत नव्हतं, बटलराचंही चुकत नव्हतं, पण त्या विव्हळण्यानं माझं वर्तमानपत्र वाचणं बिघडू लागलं. मुंबईचं वर्तमानपत्र आमच्याकडे शिळं होऊन येई, तरी मी ते ताज्या गांभीर्यानं वाचत असे. एका सकाळी मी तावातावानं उठलो, कुंपणाच्या कडेनं पलीकडे गेलो आणि कुत्र्याचा बंदोबस्त करा म्हणून सांगायला तोंड उघडलं. बटलर ओट्यावर गुडघ्यांवर हात टेकून बसला होता. बोलण्यापुरती हवासुद्धा त्याच्यापाशी नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, खुंटीवरची वादी काढली आणि माझ्यापुढे धरली. मी त्यासाठीच आलो आहे अशी त्याची समजूत झाली होती. मी ती घेतली. तक्रार करायला गेलेला नवरा कुत्रा घेऊन परत आला, ही हकीकत माझ्या बायकोनं पुढे वाडीत घरोघर सांगितली, आणि दर घरी तिच्यात थोडी भर घातली.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊनच गेलो. का, ते मला सांगता येणार नाही. एक कारण थोडं लाजिरवाणं आहे. सायबाला फक्त इंग्रजी कळे. मी ‘सिट’ म्हटलं की तो बसे, ‘कम’ म्हटलं की येई. माझ्या उभ्या आयुष्यात माझं इंग्रजी इतक्या तत्परतेनं कुणी ऐकलं नव्हतं.

आमच्याकडे वाटेत भेटलेल्या माणसाला कुठे निघालात हे विचारायचं असतं आणि त्यानं ते सांगायचं असतं. न विचारणं हा उद्धटपणा आणि न सांगणं हा त्याहून मोठा. ‘मास्तरांनू, खंय चललास?’ असा प्रश्न पहिल्याच दिवशी मला निदान दहा अंगणांतून आला. कुत्र्याला फिरवायला, असं मी खरं उत्तर दिलं. ते कुणाला पटलं नाही. फिरवायला म्हणजे कशाला? कुत्र्याला औषधाला नेताय का? कुणाला देऊन टाकताय का? रेडी गावात कुणी विलायती कुत्रा मागत होता, तिकडे धाडताय का? मी नुसता फिरवतोय, आणि फिरवून परत आणणार, म्हटल्यावर माणसं गप्प होत आणि मी पुढे गेलो की बोलू लागत. एका घरात असं ठरलं की मास्तरांनी नवस केला असावा. दुसऱ्या घरात असं ठरलं की निवृत्त झाल्यावर काही माणसांना होतं असं. मासेवालीनं तर टोपली खाली ठेवून मला सरळच विचारलं, की सरकार हल्ली पेन्शनीत पैशांऐवजी कुत्रा देतं का. तिच्या शिळ्या सरंग्याबद्दल मी बोललो होतो, त्याचं उट्टं तिनं असं काढलं.

बाजाराच्या तोंडाशी चहाचं हॉटेल होतं. त्याचा मालक माझाच विद्यार्थी, मॅट्रिकला इंग्रजीत गचकलेला. सायब ‘सिट’ म्हटल्यावर बसतो हे त्यानं पाहिलं आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना सांगायला लागला, की मास्तरांनी एवढ्या पिढ्या शिकवल्या, शेवटी एक पास झाला.

बायको मात्र खूश होती. सकाळ-संध्याकाळ तासभर घर तिच्या ताब्यात येऊ लागलं. पण तिचा एक नियम होता. कुत्रा तुळशीच्या अलीकडे यायचा नाही. त्याच्या अंगाला हात लावून मी आलो की विहिरीवर हातपाय धुतल्याशिवाय पडवीत पाऊल ठेवायचं नाही. सायब तुळशीपलीकडे बसून घराकडे बघत राही आणि ती घरातून त्याच्याकडे न बघता वावरत राही. दोघांचंही तसं शिस्तीचं होतं.

मी परत आलो की बटलर ओट्यावरून एकच शब्द विचारी. ‘जाला?’ जन्मभर कर्ता-कर्म शिकवलेला मी त्याला तितक्याच गंभीरपणे ‘जाला’ म्हणून सांगे. त्याचा चेहरा उजळे. मग श्वास पुरेल तसा तो किनाऱ्यावरच्या गोष्टी विचारी, रापण लागली का, काय मिळालं, सायब पाण्याला घाबरला का.

त्या रापणीनंच सायबाला वाडीत मान मिळवून दिला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते समुद्रात टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांच्या दोरांना माणसं लागतात. तिथली रीत अशी की दोराला जो कुणी हात लावील त्याला ओंजळभर तरी मासे मिळालेच पाहिजेत, मग तो वाटसरू का असेना. एकदा सायबाला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं दोराचं मागचं टोक दातांत धरलं आणि आखूड पाय वाळूत रोवून तो मागे मागे सरकायला लागला. रापण आत येईपर्यंत सोडलं नाही. मग वाटे करताना वाद निघाला, की दात म्हणजे हात धरायचा की नाही. रापणीच्या म्होरक्यानं दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि सायबाचा वाटा काढायला सांगितलं. माझ्या पंच्यात ओंजळभर तारल्या पडल्या. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, हे कुठून? मी म्हटलं, सायबाची कमाई. तिनं त्या साफ केल्या. दुपारी तुळशीपलीकडे केळीच्या पानावर भात आणि दोन तारल्या ठेवलेल्या मला दिसल्या. काटे काढलेले होते. मी पाहिलं हे तिनं पाहिलं, आणि भांडी परत जोरात वाजली.

असं वर्षभर चाललं. मग उन्हाळ्यात बटलराचा दमा हाताबाहेर गेला. बसल्या जागी धाप लागू लागली. झोपायचाही तो बसूनच. मालवणच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की इथल्या दमट हवेत आणखी एक पावसाळा हा माणूस काढणार नाही. याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या. मुंबईची हवा कोरडी कुठे, असं मला विचारायचं होतं, पण इस्पितळ होतं हे खरं. बटलराचा पुतण्या गिरणीत कामाला होता, तो मे महिन्यात गावी आलेला. चांगला मुलगा. तो म्हणाला, काकाला मी घेऊन जातो, माझ्या खोलीत ठेवतो, इस्पितळात रोज नेतो. पाऊस लागला की आगबोटी बंद, त्यामुळे जायचं तर वैशाखातच. फक्त कुत्रा नको. एका खोलीत आधीच सात माणसं होती.

बटलर म्हणाला, मग मी येत नाही.

पुतण्यानं समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, वाडीतल्या चार जाणत्या माणसांनी समजावलं. तो ऐकेना. शेवटी मी गेलो आणि म्हटलं, अरे, मी आहे ना. सायबाला मीच फिरवतोय, पुढेही फिरवीन. मला वाटलं होतं, एवढं म्हटल्यावर गोष्ट मिटेल. मनातून मी थोडा फुगलोही होतो. बटलरानं गुडघ्यांवर हात टेकले. श्वास साठवून घेतला आणि म्हणाला, ‘मास्तरांनू, तुमी चांगले. पण एकट्या माणसाच्या शब्दार मी ह्येका ठेवचंय नाय. सायबानय शब्द दिल्यान होतो.’

साहेबाबद्दल तो वाईट बोलला असं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आताही तो रागानं बोलत नव्हता. मला मात्र तो शब्द लागला. मग घरी येऊन विचार केला तेव्हा वाटलं, खरंच की. माझं वय साठीला आलेलं, उजवा गुडघा पावसात सुजतो, आणि सायबाला तुळशीच्या अलीकडे जागा नाही. उद्या मी आडवा झालो तर कुत्रा फाटकात बसून विव्हळत राहील आणि मुंबईत बटलराला ते ऐकू येत राहील. मी बायकोकडे विषय काढून पाहिला. कुत्र्याला निदान पडवीत घ्यावं का, म्हणून. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. ‘फिरवा किती फिरवचा तां. हाडल्यात घरात तर मी माहेराक धामापुराक जातंय,’ म्हणाली. मी विषय परत ठेवला.

बटलर मात्र स्वस्थ बसला नव्हता. जन्मभर मेजवान्या पार पाडलेला माणूस. पाहुण्यांना न कळता काय काय कसं करायचं हे तो जाणून होता.

वैशाखात आमच्या वाडीची राखण असते. पावसाच्या आधी शिवेवरच्या राखणदाराला नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, प्रसाद वाटून घ्यायचा. घरटी एका माणसाला यावंच लागतं. गाऱ्हाणं घालतो वाडीतला मानकरी. तो एकेक मागणं खणखणीत आवाजात देवाला सांगतो आणि जमलेली माणसं दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार देतात. एकदा व्हय म्हाराजा म्हटलं की ते बोलणं सगळ्यांचं झालं, आणि जे कबूल केलं ते मोडलं तर राखणदार बघून घेतो. यातली मेख अशी की ऐकत कुणीच नसतं. गाऱ्हाणं दरसालचं, शब्द ठरलेले, ऊन तापलेलं. माणसं प्रसादाच्या ताटाकडे बघत असतात आणि मानकरी थांबला की सवयीनं हुंकारतात. मीही त्यातलाच. त्या दिवशी मी मनातल्या मनात गुडघ्याला कुठलं तेल लावावं याचा विचार करत होतो.

मानकऱ्यानं सुरुवात केली. दर्यात जाणाऱ्यांची राखण कर. व्हय म्हाराजा. माडावर चढणाऱ्यांची राखण कर. व्हय म्हाराजा. मुंबईस चाकरीला असलेल्या पोराबाळांची राखण कर. व्हय म्हाराजा. मग तो त्याच सुरात, आवाज जराही न बदलता म्हणाला, ‘आनी म्हाराजा, बटलराचो जो कुत्रो आसा, तो आजपासून हे वाडीचो. तो जितो आसासर तेका सकाळ-सांज फिरवन हाडूचा काम वाडीन पत्करलला आसा. तेच्यात एक दिस खंड पडाचो नाय, म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ आम्ही सगळे म्हणालो.

मागे फणसाखाली बायका उभ्या होत्या. त्यांच्यातला सगळ्यात मोठा आवाज माझ्या बायकोचा होता. देवाच्या बाबतीत ती कधी मागे राहत नाही.

मानकरी पुढच्या मागण्यावर गेला तेव्हा समोरच्या रांगेत एकानं हळूच शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याकडे. पुढचं व्हय म्हाराजा जरा विस्कळीत आलं. हॉटेलवाला तोंड उघडं ठेवून उभा होता. मी मागे वळून पाहिलं तर बायकोनं पदर तोंडावर धरला होता आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते राखणदाराबद्दल होतं की माझ्याबद्दल, हे मला कळलं नाही. यात माझा काही हात नव्हता. हे मी तिला पुढे कित्येकदा सांगितलं आहे.

बटलर बाजूच्या दगडावर पुतण्याच्या आधारानं बसला होता. आदल्या दिवशी पुतण्याच्या खांद्यावर हात टाकून तो मानकऱ्याच्या घरी गेला होता आणि स्वतःचा नारळ त्याच्या हाती देऊन आला होता. ज्याला जे मागायचं ते त्यानं मानकऱ्याला आधी सांगावं, ही रीतच आहे. लपवाछपवी काहीच नव्हती. आम्ही ऐकलं नाही एवढंच.

प्रसाद घेतल्यावर कुरबुर झाली. त्रासलेल्या आवाजात कुणी म्हणालं, हे काय बरोबर नाही, परत देवाला विचारू, कौल लावू. मानकरी नारळाच्या शेंड्या गोळा करत होता. तो म्हणाला, ‘नारळ फुटलो मगे. आता काय विचारतास?’ रापणीचा म्होरक्या हसायला लागला, आणि मग हळूहळू सगळेच हसले. सायब तेवढ्यात माझ्या पायाशी येऊन बसला, सभेचा निकाल लागल्यासारखा.

चार दिवसांनी बटलर गेला. आगबोट लांब खोल पाण्यात उभी राहते, तिथपर्यंत मचव्यातून जायचं. एवढ्या उन्हात त्यानं साहेबाचा कोट अंगात घातला होता. वाडीतले पुष्कळजण बंदरावर आले होते. बायकोही आली होती. मला बटलरानं काही सांगितलं नाही, पण तिला म्हणाला, ‘वयनी, ह्येका कांदो घालू नकात. सोसणा नाय.’ तिनं मान हलवली. मग तो कसाबसा वाकला, सायबाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मचव्यात जाऊन बसला. सायबानं वादी ताणली नाही की तो विव्हळला नाही. मचवा बारीक होईपर्यंत तो नुसता बघत राहिला. त्या वेळी मला फार वाईट वाटलं.

पावसाळ्यात माझा गुडघा ठरल्याप्रमाणे सुजला, आणि वाडी कामाला लागली. सायब बटलराच्याच ओट्यावर राही, आणि पाळीपाळीनं जो तो खुंटीवरची वादी काढून आपल्या पद्धतीनं त्याला फिरवी. माडावरची सूर, म्हणजे माडी, काढणारा त्याला माडाला बांधून वर चढे आणि वरून त्याच्याशी गप्पा मारी. मासेवाली त्याला टोपलीच्या मागून नेई आणि वाटेत प्रत्येकाला सांगे, की देवाचं काम आहे, नाहीतर मला काय हौस. मानकरी इरलं घेऊन निघे आणि अर्धं इरलं सायबावर धरे. हॉटेलवाल्यानं ‘सिट’ म्हणायचा प्रयत्न केला, सायब बसला, त्या दिवशी त्यानं चहा फुकट वाटला. बायको मात्र वादीला शिवली नाही. घरटी एक माणूस म्हणजे आमच्या घरचे तुम्ही, असा तिनं गाऱ्हाण्याचा अर्थ लावला होता. जेवण तुळशीपलीकडेच जात होतं, बिनकांद्याचं.

चतुर्थीला मुंबईची माणसं मोटारीचे धक्के खात गणपतीला आली तेव्हा बटलराची खबर आली. इस्पितळातल्या औषधानं गुण आला होता. श्वास मोकळा झाला होता. पहाटे उठून तो रोज एकटाच मैदानाला फेरी मारून येतो, रिकाम्या हातानं, असं पुतण्यानं सांगून पाठवलं होतं. बोटी सुरू झाल्या की गावी यायचं म्हणतो. सगळ्यांना बरं वाटलं. बायकोनं त्या दिवशी सायबाच्या पानावर एक मोदक ठेवला.

दसरा झाला आणि तार आली. वाडीत तार कुणाचीही असो, ती इंग्रजीत असे, म्हणून आधी माझ्याकडे येई. पोस्टमन अंगणात उभा राहिला. मी चष्मा लावून वाचली. थोडेच शब्द होते. बटलर आदल्या रात्री झोपेत गेला होता.

मी पडवीतल्या बाकावर बसलो तो बसूनच राहिलो. बातमी वाडीत गेली. माणसं येऊन उभी राहिली, काही बोलली, गेली. सकाळची वेळ टळून गेली होती. त्या दिवशी पाळी माझीच होती आणि पलीकडे फाटकातून सायबाचा बारीक आवाज येत होता. किती महिन्यांनी तो असा विव्हळत होता. बायको दारात आली. मी म्हटलं, आज राहू दे, आज माझ्यानं उठवत नाही.

तिनं पदर खोचला. मग उंबऱ्यातून उतरली, तुळशीपलीकडे गेली, कुंपणाच्या कडेनं बटलराच्या ओट्यावर चढली आणि तिनं खुंटीवरची वादी काढली. ती अडकवायची कशी हे तिला माहीत नव्हतं. सायबाच्या गळ्यापाशी दोन्ही हातांनी ती बराच वेळ खटपट करत होती, आणि तो मान ताठ करून उभा होता. वादी लागल्यावर ती मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘बटलर गेलो म्हणान ह्येचा काम ऱ्हवता काय?’

मी उठलो. चपला घालून त्यांच्यामागे निघालो. माडांच्या बनातून ती पुढे, सायब तिच्या पायाशी, आणि मी लांबून मागे. कुणीही अंगणातून कुठे निघालात म्हणून विचारलं नाही. ती रडत होती, आणि त्याच्या आखूड पायांना झेपेल अशा बेतानं चालत होती.